नागपुरात हीटर कशाला?

काही प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर नकोच असतं, त्याला फक्त हसायचं असतं. "नागपुरात हीटर कशाला?" हा त्यातलाच एक.

माझ्या ओळखीतला एक जण गेली चार वर्षं स्वतःच्या हातानं एक गाडी बनवतो आहे. हिंगणा एमआयडीसीत त्याचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. दिवसा लोकांच्या शेड, गेट, जिने. रात्री आणि रविवारी ही गाडी. दोन सीटची, बुटकी, लांब नाकाची स्पोर्ट्स कार. चौकोनी पाइपचा सांगाडा, वर ॲल्युमिनियमचे पत्रे, जिप्सीचं १.३ लिटरचं इंजिन, त्याचाच गिअरबॉक्स आणि पावसापुरतं काढ-घाल करायचं कापडी छत. सध्या ती एका मित्राच्या शेतातल्या खाजगी रस्त्यावरच धावते. का, ते पुढे येईलच. तर या गाडीत त्यानं हीटर बसवला. तेव्हापासून वर्कशॉपमध्ये येणारा प्रत्येक माणूस हसतो. "काऊन बे, नागपुरात हीटर लावून राह्यला? एसी लाव ना, एसी!" वगैरे.

मला या हसण्याचा राग येतो. कारण हसणाऱ्यांना ना आपल्या गावचं हवामान माहीत आहे, ना गाडी. आणि थट्टा संपली की ज्या कायद्याचा धाक ते घालतात, तो कायदाही त्यांनी नीट पाहिलेला नाही.

आधी हवामान. नागपूर म्हणजे ऊन, हे समीकरण आपण इतकं घोकलंय की मे २०२४ मध्ये इथल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले तेव्हा अर्ध्या देशानं ते खरंही मानलं. नंतर हवामान खात्यानंच सांगितलं की सेन्सर बिघडला होता. पण २९ डिसेंबर २०१८ ला याच शहरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता, ते किती जणांच्या लक्षात आहे? ३.५ अंशांत, उघड्या गाडीत, ताशी ८० च्या वेगानं पहाटे रामटेककडे निघालेल्या माणसाची बोटं स्टिअरिंगवर कशी वळतील याचा विचार करा. आखडलेल्या बोटांनी ब्रेकच्या वेळी होणारी चूक ही गैरसोय नसते, तो अपघात असतो.

तरी थंडी हा माझा मुख्य मुद्दा नाही. थंडी नागपुरात महिना-दोन महिनेच. हीटर खरा लागतो तो पावसाळ्यात. हे वाक्य उलटं वाटेल, म्हणून जरा समजावून सांगतो.

नागपूरकराला कूलर समजावा लागत नाही. एप्रिलमध्ये कूलर निघतो, नवी खस लागते आणि बाहेर ४५ अंश असताना खोलीत गारवा येतो. तोच कूलर जुलैमध्ये लावला तर अंग चिकट होण्यापलीकडे काही होत नाही. कारण हवेत आधीच इतकी वाफ असते की तिला आणखी पाणी पिता येत नाही. आता हीच जुलैची हवा आपल्या छोट्या गाडीत आणा. छत लावलेलं, बाजूचे पडदे बंद, आत दोन माणसं. दोघांचा श्वास गरम आणि वाफेनं भरलेला. काचेवर बाहेरून पाऊस पडतोय, म्हणून काच गार. आतल्या हवेतली जास्तीची वाफ जाऊन बसणार कुठे? पुढच्या काचेवर. आतल्या बाजूनं. तिथे वायपरचा काही उपयोग नाही, कारण वायपर बाहेर असतो.

कंपनीच्या गाडीत हे आपल्याला जाणवत नाही, कारण तिथला एसी हवेतलं पाणी काढून घेतो. पण घरी बनवलेल्या हलक्या गाडीत एसी बसवायचा म्हणजे कॉम्प्रेसर, कंडेन्सर, गॅसच्या नळ्या, जास्त वजन आणि छोट्या इंजिनाच्या ताकदीतला एक लचका. मग दुसरा उपाय उरतो तो काच गरम ठेवण्याचा. कोरडी-गरम हवा काचेच्या आतल्या अंगावर खालून वर सोडली की दोन-चार मिनिटांत काच साफ होते. हीटर म्हणजे हेच. पाय शेकण्याचं यंत्र ही त्याची दुय्यम ओळख. मुख्य काम म्हणजे पुढचा रस्ता दिसत राहणं.

"फडक्यानं पुसावं की!" पुसा. एका हातात स्टिअरिंग, एका हातात फडकं, समोरून ट्रक. "काचेला साबण चोळावा, बटाटा चोळावा." चोळा. आपले ट्रकवाले वायपर बंद पडला की काचेवर बाहेरून तंबाखूही चोळतात. एखाद्या रात्रीची अडचण त्यानं निभते, ती कायमची सोय होत नाही. "बाजारात बारा व्होल्टचा छोटा पंखा-हीटर मिळतो, तो लाव." तो साधारण १५० वॉटचा असतो. तेवढ्यासाठीही तो बॅटरीतून बारा-साडेबारा अँपिअर ओढतो आणि काचेचा हातभर तुकडाही धड साफ करत नाही. त्याउलट इंजिनाच्या पाण्यावर चालणारा साधा हीटर चार-पाच किलोवॉट उष्णता देतो, म्हणजे घरातले दोन गीझर एकदम लावल्यासारखी. आणि तीही जवळजवळ फुकट! पेट्रोल जाळून मिळालेल्या ऊर्जेचा ढोबळमानानं तिसरा हिस्सा पाण्यातून रेडिएटरकडे जातो आणि तिथून वाऱ्यावर सोडला जातो. हीटर त्यातलाच थोडा आत वळवतो. पंख्याला वीज लागते तेवढीच.

अजून एक गोष्ट, जी हसणाऱ्यांपैकी जुन्या ड्रायव्हरांना तरी माहीत असायला हवी. मे महिन्यात वर्दळीत अडकलोय, काटा लाल पट्ट्याकडे सरकतोय, तेव्हा जुना ड्रायव्हर काय करतो? एसी बंद, खिडक्या खाली आणि हीटर फुल! आतल्या माणसांना घाम फुटतो, पण हेड गॅस्केट वाचतं. हीटरचा गाभा म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच आहे. ज्या गावात उन्हाळा ४७ अंशांच्या वर जातो, तिथे बुटक्या नाकात मावेल एवढ्या रेडिएटरवर चालणाऱ्या गाडीला हा दुसरा रेडिएटर नको म्हणणं म्हणजे कमालच आहे.

तर मंडळी, "नागपुरात हीटर कशाला" याचं सरळ उत्तर असं: डिसेंबरमध्ये बोटांसाठी, जुलैमध्ये डोळ्यांसाठी आणि मेमध्ये इंजिनासाठी.

आता दुसऱ्या जातीचे टीकाकार. हे गाडीतले जाणकार. ते म्हणतात, स्पोर्ट्स कारमध्ये हीटर म्हणजे बायकी चैन. खरा शौकीन वारा, पाऊस, थंडी सगळं अंगावर घेतो. हा मर्दपणा मला नेहमी दुसऱ्याच्या जिवावर केलेला वाटतो. काच धुरकटल्यावर मरतो तो शौकीनच असं नाही. समोरून सायकलवर येणारा दूधवालाही असतो. ज्या लोटस सेव्हनच्या घाटणीवर जगभर लोक अशा गाड्या बनवतात, ती कॉलिन चॅपमननं १९५७ साली आणली, वजन वाचवण्याच्या ध्यासातून. पण चॅपमनचा ध्यास अनावश्यक वजन टाकण्याचा होता. पुढचं दिसणं अनावश्यक आहे असं कुणी म्हणत असेल तर त्यानं गाडीऐवजी झोपाळा बनवावा.

शिवाय हे "चैन" प्रकरण आपण नुकतंच एकदा निकालात काढलंय. ट्रकच्या केबिनमध्ये एसी हवा की नको यावर वर्षानुवर्षं हेच ऐकलं: ड्रायव्हरला कशाला चैन, तो झोपून जाईल. अखेर डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचना निघाली आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालवाहू ट्रकांना केबिनचा एसी सक्तीचा झाला. त्यामागचं कारण अगदी साधं. उकडून अर्धमेला झालेला माणूस नीट गाडी चालवू शकत नाही. केबिनचं तापमान हा सुरक्षेचा विषय आहे, हे सरकारनंच मान्य केलं. मग तोच न्याय घरी बनवलेल्या गाडीच्या हीटरला का नाही?

कारण घरी बनवलेली गाडी सरकारच्या लेखी अस्तित्वातच नाही. इथे खरा प्रश्न सुरू होतो.

आपल्याकडे गाडी रस्त्यावर आणायची तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे उत्पादकानं तिचा नमुना पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा संस्थांकडून तपासून घ्यायचा. व्यवस्था उत्तम आहे, पण ती हजारो गाड्या काढणाऱ्या कारखान्यासाठी रचलेली आहे. नमुना एक, चाचण्यांचा खर्च हजारो गाड्यांवर वाटलेला. ज्याची गाडी एकच आहे, त्याचा नमुनाही तीच आणि मालही तीच. त्यानं काय करायचं? अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्सनं सेव्हनच्याच घाटणीची रोडस्टर आणली, ती कंपनी म्हणून. वर्कशॉपमधल्या एकट्या माणसाला तो रस्ता नाही.

मग तो जुन्या गाडीच्या कागदांवर नवी गाडी चालवायचा विचार करतो. तो रस्ताही बंद आहे, आणि रास्तपणे बंद आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकानं मुळात दिलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळातल्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानं ते ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. त्याआधी २०१३ मध्ये याच न्यायालयानं म्हटलं होतं की उत्तरेत धावणारं "जुगाड" हेही मोटार वाहनच आहे, म्हणजे त्याला नोंदणी हवी. थोडक्यात, घरी बनवलेली गाडी ही गाडी आहे, म्हणून नोंदणी सक्तीची. आणि ती नोंदवण्याची खिडकी मात्र कुठेही नाही!

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातलं आहे. सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हट्टापायी भंगारातून एक छोटी जीप बनवली. दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी, खर्च साठेक हजार रुपये. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ देशभर फिरला. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं आणि त्याच दमात सांगितलं की ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या तिला अडवतील. ती मला द्या, मी बोलेरो देतो. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली. महिंद्रांच्या औदार्याबद्दल मला शंका नाही. पण एक देश म्हणून आपण या माणसाला काय सांगितलं? तू हुशार आहेस, आता तुझी गाडी दे आणि कारखान्यातली घे. त्या जीपचे ब्रेक किती अंतरात लागतात, दिवे दिसतात का, काच आहे का, हे कुणीही तपासलं नाही. तपासायची वेळच आली नाही. नियमाचा पहिला आणि शेवटचा प्रश्न एकच होता: बनवणारी कंपनी कुठली?

माझा आक्षेप नेमका या प्रश्नाला आहे. सुरक्षेच्या नावानं चालणारा नियम सुरक्षेबद्दल काही विचारतच नाही.

इंग्लंडमध्ये काय होतं पाहा. तिथे १९९८ पासून एकेकट्या गाडीच्या तपासणीची व्यवस्था आली आणि २००९ मध्ये तिची जागा जास्त कडक व्यवस्थेनं घेतली. गॅरेजमध्ये बनवलेली गाडी ट्रेलरवर घालून केंद्रावर न्यायची. तपासनीस ब्रेक, दिवे, सीटबेल्ट, स्टिअरिंग, धूर, आवाज, बाहेर आलेल्या धारदार कडा, सगळं बघतो. आणि हो, पुढच्या काचेवरचं धुकं घालवायची सोय आहे का, हेही बघतो! तिथला हौशी माणूस हीटर बसवतो तेव्हा त्याला कुणी हसत नाही, कारण तो नसेल तर गाडी नापास होऊ शकते. नापास झाली तर दुरुस्त करून पुन्हा न्यायची. पास झाली की नंबर मिळतो.

"पण ते इंग्लंड, आपल्याकडे असं केलं तर रस्त्यावर मरणयंत्रं फिरतील" असं म्हणणारे भेटतील. त्यांची भीती मी हसण्यावारी नेत नाही. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, ही काही थट्टेची गोष्ट नाही. आणि हीटरसारखी साधी वस्तूही चुकीची बसवली तर घातक ठरते, हे मी स्वतःच सांगतो. ९० अंशांच्या पाण्याची नळी जाळीतून जाताना घासली आणि डॅशबोर्डाखाली फुटली, तर चालवणाऱ्याचे पाय भाजतील. नळी पत्र्यातून जिथे आत येते तिथे रबरी बूच हवं. पाणी थर्मोस्टॅटच्या आधी, हेडवरून घ्यायला हवं आणि परतीची नळी पंपाच्या ओढीच्या बाजूला जायला हवी. नाहीतर इंजिन तापेपर्यंत हीटर गारच. गाभा इंजिनापेक्षा उंच बसला तर त्यात हवा अडकते, ती काढायची सोय हवी. पंख्याला स्वतंत्र फ्यूज हवा. आणि बाहेरची हवा आत घेण्याचं तोंड सायलेन्सरजवळ असेल तर काच साफ होईल, पण आतला माणूस कार्बन मोनॉक्साइडनं झोपेल, कायमचा.

माझ्या ओळखीच्या माणसानं हे सगळं नीट केलंय. पण हे मी सांगतोय, एक ऐरागैरा. दुसरा कुणी करणार नाही. मग कुणीतरी अधिकारानं, यादी हातात घेऊन, वाकून डॅशबोर्डाखाली बघायला नको का? बंदीचा परिणाम असा की चांगलं काम करणारा शेतातल्या रस्त्यावर अडकून राहतो आणि वाईट काम करणारा रात्री, नंबरप्लेट बदलून, विम्याशिवाय रस्त्यावर उतरतो. बंदीला दोघं सारखेच दिसतात. तपासणीला ते वेगळे दिसतील.

आणि खिडकी उघडता येत नाही असंही नाही. २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी सरकारनं खास नियम केले. व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी, नंबरात "व्हीए" ही अक्षरं, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क, रोजच्या वापराला मनाई, रॅली-प्रदर्शनाला मुभा. त्या गाड्यांत आजच्या नियमांत बसणारं काय असतं? ना आजचे ब्रेक, ना एअरबॅग. तरी हौसेचा मान राखून, अटी घालून, वाट काढली. मला त्याचा आनंदच आहे. पण ज्याच्या आजोबांनी गाडी विकत घेतली त्याच्यासाठी वाट निघते आणि ज्यानं स्वतःच्या हातानं बनवली त्याच्यासाठी निघत नाही, हा कुठला न्याय?

मागणी अगदी छोटी आहे. एका माणसाला ठराविक वर्षांत एकच गाडी. विकायला नव्हे, स्वतःसाठी. बनवताना काढलेले फोटो आणि प्रत्येक मुख्य भागाच्या पावत्या दाखवायच्या. मान्य संस्थेत त्याच गाडीची, न फोडता करता येईल अशी तपासणी: ब्रेक, दिवे, वेल्डिंग, धूर, सीटबेल्ट आणि धुकटलेली काच किती वेळात साफ होते ते. वेगळी नंबर मालिका, सक्तीचा विमा, वाटल्यास वर्षाला किलोमीटरची मर्यादा. नापास झाली तर नापास.

२०१४ पासून देशाचं रस्ते वाहतूक खातं नितीन गडकरींकडे आहे आणि ते नागपूरचे खासदार आहेत. ट्रक ड्रायव्हरच्या केबिनमध्ये गारवा आणणारी अधिसूचना त्यांच्याच खात्याची. समृद्धी महामार्ग याच शहरापासून निघतो, ७०१ किलोमीटर, जून २०२५ पासून पूर्ण खुला. रस्ते झाले, कारखान्यांच्या गाड्यांना धावायला जागा झाली. इंजिनिअरिंग कॉलेजांची मुलं स्पर्धेसाठी दरवर्षी शर्यतीच्या गाड्या बनवतात आणि पदवी मिळाली की ते सगळं विसरून नोकरीला लागतात, कारण स्पर्धेच्या मैदानाबाहेर त्या हुनराला दारच नाही. ते दार उघडण्याची सुरुवात नागपुरातून व्हावी, ही अपेक्षा फार मोठी नाही.

आणि हसणाऱ्यांनो, तुम्हालाही एक विनंती. एखाद्यानं घरी बनवलेली गाडी बघायला गेलात तर हॉर्सपॉवर आणि टॉप स्पीड नंतर विचारा. आधी विचारा, पावसात काच साफ होते का? त्याच्याकडे उत्तर नसेल तर खुशाल हसा.